आत येऊ का?

‘बाई, मार्जिन आखू का?’

बत्तीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला. बाई, पान उलटू का? बाई, आकृतीला पेन्सिल घेऊ की पेन? एक ओळ सोडायची का? पाणी पिऊन येऊ? खिडकी लावू? आणि या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे चपला बाहेर काढून, एका पायावर दुसरा पाय ठेवून दारात उभ्या असलेल्या पोराचा: बाई, आत येऊ का? फळ्यावरचा हात न थांबवता, मागं वळूनही न बघता मी म्हणायचे, ‘ये.’ आवाजावरून कोण ते कळायचंच. कुणाची म्हैस रात्री व्याली, कुणाची मुक्कामी गाडी बंद पडली, हेही बहुधा आधीच कानावर आलेलं असायचं. त्या एका अक्षरात माझी सगळी सत्ता होती आणि मला ती आवडायची. आता कबूल करायला हरकत नाही.

शाळा पाटण खोऱ्यातली, कोयनेच्या काठची. दहावीला विज्ञान आणि गणित माझ्याकडे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपली की पोरं सुटायची, ती निकालापर्यंत रानात, लग्नांत आणि क्रिकेटमध्ये. त्यातले पंधरा दिवस मी मागून घ्यायचे. कागदावर त्याचं नाव उन्हाळी वर्ग. पोरं म्हणायची, कॉलेजचा क्लास. सायन्सला जाणाऱ्यांसाठी तो होता, कारण दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं सगळं जूनपासून इंग्रजीत भेटणार होतं. ओळखीचा माणूस अनोळखी कपड्यांत समोर आला की आपण त्याला रस्त्यात ओलांडून जातो, तसं पोरांचं व्हायचं. उत्तर माहीत असायचं, प्रश्न कुणाबद्दल चाललाय ते कळायचं नाही.

म्हणून आम्ही वहीच्या मधोमध रेघ मारायचो. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. संवेग, मोमेंटम. त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन. जडत्व, इनर्शिया. तंतुकणिका, मायटोकाँड्रिया. अपवर्तन आणि परावर्तन यांत आधीच गोंधळ, त्यात रिफ्रॅक्शन आणि रिफ्लेक्शन. एका वर्षी कुणीतरी या दोन रकान्यांना नावं दिली, माहेरचं आणि सासरचं. ती पुढं कायमची चिकटली. ‘बाई, हरितलवकाचं सासरचं नाव काय?’ क्लोरोप्लास्ट. ‘आणि भिंगाचं?’ लेन्स. पोरी खुदखुदायच्या. एकीनं विचारलं, ‘सासरी गेल्यावर माहेरचं टाकायचंच का, बाई?’ मी म्हणाले, मुळीच नाही, परीक्षेत सासरचं लिहायचं, समजून घेताना माहेरच्या नावानं हाक मारायची.

हा वर्ग मला मनापासून आवडायचा, कारण त्यात शब्दांशी खेळायला मिळायचं. अम्ल म्हटलं की जिभेवर आंबट येतं. अ‍ॅसिड म्हटलं की बाटली आणि भाजलेला हात. पण अ‍ॅसिडचं मूळ लॅटिन, आणि तिथंही त्याचा अर्थ आंबटच. हे सांगितलं की पोरांना तो परका शब्द जरा घरचा वाटायचा. ऑक्सिजनची गोष्ट तर मी दरवर्षी चवीनं सांगायचे. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला वाटलं, प्रत्येक अ‍ॅसिडमध्ये हा वायू असणारच, म्हणून त्यानं ‘अ‍ॅसिड तयार करणारा’ अशा अर्थाचं ग्रीक नाव ठेवलं. त्याचा अंदाज चुकला. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ऑक्सिजनचा एक अणूही नाही. नाव मात्र राहिलं. आपला प्राणवायू त्या मानानं सरळ, जे करतो तेच नावात सांगतो. तेव्हा इंग्रजी नावाला घाबरू नका, तेही कधीकधी चुकून पडलेलं असतं.

अगदी अलीकडे एकदा काटकोन आला. एक मुलगी पुटपुटली, ‘म्हणजे गुण्यात.’ तिचे वडील गवंडी. भिंत कोपऱ्यात नीट नव्वद अंशांत बसली की गवंडी म्हणतो, गुण्यात आहे. मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तिसरा रकाना आखायला लावला. गुण्या, काटकोन, राइट अँगल. त्या मुलीकडे मी शेवटी परत येणार आहे.

तर आधी नुसतं हे शब्दांचंच चाललं होतं, आणि पोरांची तयारी झाली असं मला वाटायचं.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत एक जण भेटायला आला. शांत, हुशार, दहावीत नव्वदच्या वर. शहरात मामाकडे राहून अकरावी करत होता. शहराचं आणि कॉलेजचं नाव सांगत नाही, दोष त्यांचा नव्हता. फराळाची ताटली पुढ्यात घेऊन त्यानं हसतहसत सांगितलं. पहिल्याच आठवड्यात सिटी बस चुकली, दहा मिनिटं उशीर झाला. वर्गाचं दार उघडं. आत शंभरावर पोरं, सर फळ्याकडे तोंड करून. बसमध्ये वाक्य घोकून ठेवलं होतं: मे आय कम इन, सर? ते त्यानं म्हटलं. पंखे जोरात होते, सरांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणायला आवाज फुटेना. मग तो उभाच राहिला. तेवढ्यात दोन मुली आल्या, त्याच्या अंगावरून आत शिरल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. कुणालाही काही विचारलं नाही. आपल्यालाही हे करता येईल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यानं वही दाराच्या चौकटीला टेकवली आणि उभ्याउभ्या सगळा तास लिहून घेतला. व्हेक्टर चालले होते. तास संपल्यावर सर बाहेर पडले, ते त्याला पुढच्या तासाचा मुलगा समजून वाट देऊन गेले.

‘आणि बाई, व्हेक्टर म्हणजे आपलं सदिश, हे मला घरी गेल्यावर कळलं.’

शब्द अडला होता, त्यावरचा इलाज माझ्या दोन रकान्यांच्या वहीत होता. त्या चौकटीवरचा नव्हता. तो चकली मोडत होता आणि मला आदल्या वर्षीचं स्नेहसंमेलन आठवत होतं. शाळेनं त्याला आदर्श विद्यार्थ्याचं प्रशस्तिपत्र दिलं होतं. शिस्त, नम्रता, आज्ञाधारकपणा. मजकूर माझा, अक्षरही माझंच.

तो गेल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून होते. कॉलेज म्हणजे काय, हे मला तरी कधी कुणी सांगितलं होतं? आमच्या घरात या शब्दाचा घोळ १९७५ सालापासूनचा. त्या वर्षी महाराष्ट्रात जुन्या अकरावीची शेवटची मॅट्रिक आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा अशा दोन्ही झाल्या. चुलतभाऊ जुन्या अकरावीला, सख्खा भाऊ नव्या दहावीला. दोघं पास झाले, घरात पेढे आले, आणि आजीनं विचारलं, ‘एक अकरा वर्षं शिकला, दुसरा दहाच शिकला, मग दोघं मॅट्रिक कशी?’ तिला कुणी समाधानकारक उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्या बदलानंतर अकरावी-बारावी मधल्यामध्ये लटकली. कुठं ती शाळेच्याच आवारात भरते, कुठं मोठ्या कॉलेजात. पण नाव सगळीकडे ज्युनिअर कॉलेज. केंद्रीय विद्यालयातली अकरावीची मुलगी अजून गणवेशात प्रार्थनेला उभी राहते, आणि त्याच वयाचं आमचं पोर गावाकडून येऊन एका रात्रीत कॉलेजकुमार होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं नववी ते बारावी असा चार वर्षांचा एकच टप्पा धरलाय. कागदावर धरलाय. आमच्याकडे दहावी आणि अकरावीच्या मध्ये अजून कराडचा एसटी स्टँड आहे.

त्या स्टँडवर १९८१ च्या पावसाळ्यात मीही उतरले होते. दोन घट्ट वेण्या, वर दुमडून बांधलेल्या लाल रिबिनी. पहिल्या दिवशी कॉलेजच्या आवारात पाहिलं तर रिबीन कुणाच्याच डोक्याला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गावाच्या वळणावरून पुढं गेल्यावर मी रिबिनी सोडल्या, डब्याच्या पिशवीत टाकल्या, आणि संध्याकाळी त्याच वळणाआधी परत बांधल्या. आईला कळू नये म्हणून. दोन महिने हे चाललं. आईनं एकदा नुसतं म्हटलं, ‘रिबिनींना आमटीचा वास कसा गं येतो?’

पण रिबिनींपेक्षा अवघड होते कपडे. शाळेत आमची गरिबी गणवेशाखाली झाकलेली असते. निळ्या आणि पांढऱ्यात सरपंचाची लेक आणि रोजंदारीवाल्याची लेक शेजारी बसतात. फरक असतोच, विटलेल्या निळ्याचा आणि कोऱ्या निळ्याचा, पण तो बारीक. कॉलेजात तो उघड्यावर येतो. माझ्याकडे बाहेर घालण्याजोगे दोन ड्रेस होते, त्यांतला एक मामेबहिणीच्या लग्नातला, जरीच्या काठाचा. सोमवारी साधा, मंगळवारी जरीचा, बुधवारी साधा. जरीच्या दिवशी मी मागं बसायचे. कुणी माझ्याकडे बघत असेल असं मला वाटायचं. वर्षभरानं लक्षात आलं, कुणीच बघत नव्हतं. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्त एकटं वाटलं. गावात आपल्याकडे सतत कुणीतरी बघत असतं, त्याचा जाच होतो, पण त्या बघण्यातच आपण असतो. तिथं मी आहे की नाही हे हजेरीपटाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि हजेरीपटावर माझा नंबर होता.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी पंधरा दिवस मी पोरांना मोमेंटम शिकवत बसले होते.

पुढच्या एप्रिलपासून वर्ग बदलला. पहिल्या दिवशी काही न सांगता मी वीस मिनिटं बोलत राहिले, उसाला पाणी मुळांतून पानांपर्यंत कसं चढतं त्यावर. फळ्यावर एक अक्षर नाही. ‘लिहून घ्या’ नाही, ‘पूर्णविराम, नवा परिच्छेद’ नाही. सगळ्यांच्या वह्या उघड्या, पेनांची टोपणं काढलेली, पानं कोरी. वीस मिनिटांनी मागून आवाज आला, ‘बाई, हे लिहायचं का?’

मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. दहा वर्षं आम्ही यांना उत्तरं उतरवून दिली होती. पस्तीसला पास, ऐंशीची लेखी, वीस गुण शाळेच्या हातात. ते वीस बहुतेकांना भरभरून मिळत, कारण पोरगं गुणी आहे. गुणी म्हणजे काय, तर विचारल्याशिवाय काही करत नाही. शाळेनं पोरांना परवानगी मागायला शिकवलं आणि प्रश्न विचारायला शिकवायचं राहून गेलं. दोन्हींच्या शेवटी तेच चिन्ह येतं, म्हणून आमचा घोटाळा झाला असावा.

मग आम्ही तालीम सुरू केली. उशिरा यायचं आणि आत शिरायचं. खरंच. एकेकाला बाहेर पाठवायचं, मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहायचं, त्यानं आवाज न करता मागच्या जागेवर येऊन बसायचं आणि शेजाऱ्याच्या वहीत बघून कुठवर आलंय ते लिहायचं. सोपं वाटतं? पहिल्या वर्षी सोळांपैकी अकरा जण दारात थांबले. पाय पुढं जाईना. एकाला मी ओरडून सांगितलं, ‘अरे, ये की आत!’ आणि लगेच जीभ चावली. म्हणजे पुन्हा माझं ‘ये’ ऐकूनच तो आत आला.

बाकी कागदांची तयारी घाईनंच उरकायचे, कारण ती कुणीही सांगेल. शाळा सोडल्याचा दाखला मूळ हवा, त्याच्या सत्यप्रती आधी काढून ठेवा. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला निकालाआधी मागा, निकालानंतर सेतूत रांग लागते. बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नसेल तर शिष्यवृत्ती अडकते. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, हे मी वडिलांच्या कानावर मुद्दाम घालायचे. काही घरांत मुलीच्या कॉलेजचा निर्णय त्या पासावर अडलेला असतो, आणि पासाची सबब निघून गेली की खरं कारण समोर येतं. मग निदान त्याच्याशी भांडता तरी येतं.

एक दिवस आम्ही कराडला जायचो. सुट्टीत कॉलेज ओस असतं. पायऱ्या, जिने, लांबलचक व्हरांडे मोकळे. पोरं दबकत चालायची, देवळात चालावं तशी. सद्गुरू गाडगे महाराज कॉलेजच्या फाटकावरचं नाव वाचून घ्यायचे. कर्मवीर भाऊरावांनी १९५४ साली हे कॉलेज काढलं आणि नाव दिलं ते शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं. पुढं ऑफिसच्या खिडकीशी एकेकानं जाऊन काहीतरी विचारून यायचं, हा त्या दिवसाचा धडा. फी किती, ग्रंथालय किती वाजता उघडतं, काहीही. या खिडक्या सगळीकडे अशा उंचीवर का असतात कोण जाणे. वाकल्याशिवाय बोलताच येत नाही. आतून ‘पलीकडच्या खिडकीवर’ असं आलं की पोरं पडलेल्या चेहऱ्यानं परत यायची. मी म्हणायचे, पलीकडच्या खिडकीवर जा, तिथून हाकललं तर परत इथं ये. तिसऱ्या खेपेला माणूस उत्तर देतो, कारण त्याला आपल्यापासून सुटका हवी असते.

दुपारी डबे घेऊन प्रीतिसंगमावर. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार करायचा आणि सावली बघून बसायचं. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात. आमच्या शाळेमागून वाहणारी कोयना इथवर येते आणि पुढं कुणी तिला कोयना म्हणत नाही. भाकरी मोडताना एक पोरगा म्हणाला, ‘म्हणजे बाई, कोयनेचं सासरचं नाव कृष्णा.’ सगळे हसले. मी पाण्याकडे बघत राहिले. वळणापाशी थोडा गाळ ढवळतो, पाणी क्षणभर कुठं जावं ते न कळल्यासारखं गोल फिरतं, मग निघतं.

निवृत्त झाल्यावर हा वर्ग समाजमंदिरात हलला. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले तेव्हा माझ्या तालमीतली खिडकीच गेली, तिच्या जागी सायबरवाल्याचा माउस आला. फॉर्ममध्ये दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. ‘भर तुला योग्य वाटेल ते’ असं एका पोरानं सायबरवाल्याला सांगितलं, आणि त्यानं यादीत सर्वात वर दिसलेलं, गावापासून सत्तर किलोमीटरवरचं कॉलेज पहिलं टाकलं. तेच मिळालं. पहिल्या पसंतीचं मिळाल्यावर नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. पोरगा रडकुंडीला आला. ‘तू शेजारीच बसला होतास ना, मग बोलला का नाहीस?’ ‘बाई, तो भरत होता ना. मध्येच कसं बोलायचं?’ शहरांत आता असंही ऐकते की कॉलेजात फक्त नाव असतं, पोरं दिवसभर क्लासमध्ये, टाय-अप म्हणतात त्याला. मग दाराचा प्रश्नच मिटला म्हणायचा. मला ते कॉलेज वाटत नाही, पण माझं कोण ऐकतंय.

त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. शेवटचा दिवस. गवंड्याची ती मुलगी आली नव्हती. तिच्या घरी जूनचं काय ते अजून ठरायचं होतं. काका म्हणत होते बारावी कशाला, वडील काहीच म्हणत नव्हते. मी फळ्यावर सदिशाचा बाण काढत होते. वेगाला दिशा असते, चालीला नसते, हे तिसऱ्यांदा सांगत होते. मागं पावलांचा आवाज झाला. चपला वाजल्या नाहीत, पण वर्गातली शांतता जराशी हलली. मी वळले. ती खिडकीजवळच्या जागेवर बसलेली होती. वडिलांची न्याहारी कामावर पोचवून आली असावी, ओढणीला सिमेंट लागलेलं होतं. शेजारणीची वही स्वतःकडे ओढून ती खाली मान घालून लिहीत होती. दारात थांबली नव्हती. माझ्याकडे बघितलंही नव्हतं. मी शिकवलं होतं ते तिनं तंतोतंत केलं होतं.

आणि माझ्या कपाळाला आठी पडली. मला कळायच्या आत तोंडातून गेलं, ‘अगं, विचारायचं नाही का?’

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. ती गोंधळली. उठून उभी राहिली, हात मागं बांधले.

‘बाई, तुम्हीच सांगितलेलं, विचारायचं नाही म्हणून.’

‘हो गं. मीच.’

मी फळ्याकडे वळून बाणाचं टोक पुरं केलं. परत बघितलं तर ती अजून उभीच होती.

‘बस,’ मी म्हणाले. तेव्हा ती बसली.